न उकळलेला चहा

पुण्यात चहाचं झाड लावायचं म्हणजे आधी मातीशी भांडण घ्यायचं. आपल्या भागातली काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. चहाला हवी आम्ल माती, सामू (pH) साडेचार ते साडेपाचच्या आसपासची. पाऊस म्हणाल तर शहरात वर्षाकाठी 700-750 मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत उरकलेला. चहाला त्याच्या दुप्पट तरी लागतो, आणि उरलेले आठ महिने हवा अगदीच कोरडी पडून चालत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि दोरीवरचा पंचा बघता बघता कडक होतो. थोडक्यात, शहाण्या माणसाने या भानगडीत पडू नये. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत, माझ्याकडे चहाची दोन झाडं आहेत.

हौस म्हणा नाहीतर खाज म्हणा. कळायला लागल्यापासून रोज दोन-तीन कप चहा पोटात जातोय, आणि ज्या पानावर आपली सकाळ उभी आहे ते पान ओलं असताना कसं दिसतं हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. ज्वारी पाहिली होती, ऊस पाहिला होता, कॉफीसुद्धा चिखलदऱ्याला पाहिली होती. चहा मात्र पुड्यातून थेट डब्यात. एका नर्सरीवाल्या काकांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी ईशान्येकडून येणाऱ्या खेपेबरोबर रोपं मागवून दिली. देताना म्हणाले, "मॅडम, जगली तर मला फोटो पाठवा. नाही जगली तर पाठवू नका."

जगली. कुंडीत निम्मी लाल माती घातली, कोकणातून-महाबळेश्वराकडून येते ती. बाकी कुजलेला पालापाचोळा आणि थोडं कोकोपीट. राख, चुना, अंड्याची टरफलं यातलं काही त्या कुंडीच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. बागकाम करणाऱ्या मैत्रिणी अंड्याची टरफलं जमवून प्रेमाने घेऊन येतात, ती टोमॅटोला जातात. नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी त्यामानाने हलकं, ते झाडाला मानवतं. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पंचाईत. बोअरचं जड पाणी सलग काही दिवस मिळालं की नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती अल्कधर्मी व्हायला लागली की तिच्यातलं लोह झाडाला उचलता येत नाही, त्याची ही खूण. मग चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यायचं. त्याहून उत्तम म्हणजे पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवायचं. आमच्या बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाला सोसायटीत बरंच बोललं गेलंय, डासांवरून. त्याला मी मलमलीचं फडकं बांधते आणि मीटिंगला जात नाही.

उन्हाळ्यात आणखी एक दुखणं लाल कोळ्याचं. पान वरून करपल्यासारखं तांबूस दिसायला लागलं की निरखून बघायचं. पानावर टाचणीच्या टोकाएवढे कोळी फिरत असतात. मोठ्या मळ्यांनाही ही कीड पिडते. घरी पिण्यासाठी पान खुडायचं असेल तर फवारणी कसली करणार? पानाच्या दोन्ही बाजूंवर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, रोज, आणि झाड दुपारच्या उन्हातून आत ओढायचं. शेडनेटच्या सावलीत ते खूश असतं. मूळचं जंगलाच्या सावलीतलंच ना.

मूळचं म्हणजे मळ्यातली ती गुडघा-कमरेएवढी झुडपं आपण फोटोत बघतो ती मूळची नव्हेत. मोकळं सोडलं तर आसामी जातीचं झाड चांगलं दोन-तीन मजले उंच होतं. सतत शेंडे खुडून त्याला बुटकं ठेवलेलं असतं. चीनकडची बारीक पानांची जात वेगळी, आसामची रुंद पानांची वेगळी. आसामची ही जात इंग्रजांच्या नजरेला पडली 1823 मध्ये, रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला सिंगफो टोळीच्या प्रमुखाने ती दाखवली तेव्हा. म्हणजे सिंगफो लोक ती आधीपासून पीत होते. शोध लागला तो लंडनला. 1839 मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. मला जास्त रस आहे तो सिंगफोंच्या पद्धतीत. पानं भाजायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि चुलीच्या धुरावर महिनोन्‌महिने टांगून ठेवायची. लागेल तशी नळीतून कापून घ्यायची. कारखाना नाही, यंत्र नाही, पुडा नाही. बाल्कनीतल्या माणसाला हे वाचून फार धीर येतो.

चहाच्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं नुसतं वाढू द्यायचं असतं. शेंडे छाटत राहायचं, म्हणजे ते आडवं पसरतं. त्यानंतर खुडणी. दोन पानं आणि मधली मिटलेली कळी, एवढंच. कळीला पांढरी बारीक लव असते, बोटाला मऊ लागते. खालचं तिसरं पान हाताला लगेच कळतं, जाड आणि आडमुठं. ते सोडून द्यायचं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून किंचित वाकवलं की कोवळा देठ टक्‌ करून मोडतो. नख लावावं लागलं तर समजायचं, पान जून झालंय. जुलै-ऑगस्टमध्ये, संततधार थांबून दोन दिवस उघडीप मिळाली की झाड एकदम फुटतं, आणि दोन्ही कुंड्यांवरून मिळून मूठभर पानं निघतात. मूठभर म्हणजे वीसेक ग्रॅम. ओल्या पानात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाळून हातात येतो चार-पाच ग्रॅम चहा. दोन कप. तेही काटकसरीने.

इथे माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो ओली पानं लागतात. आपण वाण्याकडून अर्ध्या किलोचा पुडा आणतो त्यात सव्वादोन किलो पान आहे. ते सगळं कुणीतरी असंच दोन पानं आणि कळी करत खुडलेलं. आता मळ्यांत कात्र्या आणि यंत्रंही आली आहेत, पण बऱ्याच ठिकाणी अजून हातच चालतात, आणि बहुतेक बायकांचेच. दिवसाला 20 किलोंच्या पुढे पान खुडायचं तेव्हा कुठे पूर्ण हजेरी लागते. मी दोन कपांपुरतं खुडते तर मान अवघडते. त्या बायका पाठीवर टोपली घेऊन, उतारावर, पावसात, जळवांत. चहाचे भाव वाढले की आपण व्हॉट्सअॅपवर विनोद पाठवतो. मला आता तो पुडा स्वस्त वाटतो, आणि कुणाच्या जिवावर स्वस्त तेही दिसतं. यापुढे याच्यावर मी घरात भाषण द्यायचं नाही असा ठराव झालेला आहे, म्हणून इथे लिहून घेतलं.

खुडलेल्या पानाचा चहा करायचा तर पहिल्याच तासाला ठरवावं लागतं, हिरवा करायचा की काळा. झाड एकच, पान एकच. पानाला जखम झाली की आतले रस हवेशी भेटतात आणि पान तांबूस व्हायला लागतं, चिरलेलं सफरचंद पडतं तसं. हिरवा हवा असेल तर हे सुरू व्हायच्या आत त्याला उष्णतेने थोपवायचं. लोखंडी कढई चांगली तापवायची, तेलाचा अंशही नको, आणि पानं टाकून हाताने किंवा लाकडी उलथन्याने दोन-तीन मिनिटं हलवत राहायचं. पानं मऊ पडून आक्रसतात, हिरवा उग्रपणा जातो. मग तळहातावर चोळून सुरळ्या वळायच्या आणि अगदी मंद तव्यावर वाळवायच्या.

काळ्या चहाला उलट घाई करायची नाही. पानं सुपात पसरून रात्रभर ठेवायची, वरून पंखा बारीक. सकाळी पान मलूल झालेलं असतं. देठ वाकवला तर मोडत नाही, नुसता दुमडतो. हे जमलं की अर्धं काम झालं. मग दोन तळहातांत जोर लावून चोळायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही, मग एकदम हात चिकट होतात, पानातून हिरवट फेस येतो आणि वास बदलतो. तो गोळा मोकळा करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा, दीड ते तीन तास, हवा किती गरम आहे त्यावर. मधून फडकं उचलून हुंगायचं. आधी गवताचा वास असतो, मग काकडीचा, आणि मग एका क्षणी फळासारखा गोडसर. पानं तांब्याच्या रंगाची झालेली असतात. याच्यापुढे थांबलं तर आंबूस होतं. लगेच ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या जरा पुढे, नाहीतर तव्यावर, कुडकुडीत होईपर्यंत. सगळं घर त्या वासाने भरतं आणि सासूबाई आतून विचारतात, "काय गं करपलं?"

असा दोन दिवस राबून केलेला चार-पाच ग्रॅम चहा समोर ठेवला आणि तो आपल्या नेहमीच्या पद्धतीने केला, म्हणजे पातेल्यात पाणी, साखर, पूड, खळखळ उकळी, दूध, पुन्हा उकळी, तर काय होतं? काही नाही. तो चहा कुठे गेला कळतही नाही. फिकट, तुरट, दुधात बुडालेलं काहीतरी लागतं. पण दोष आपल्या उकळीला द्यायचं कारण नाही. आपल्या डब्यातली पूड उकळण्यासाठीच जन्माला आलेली आहे. पान चिरडून, फाडून, वळून त्याचे दाणे करणारं यंत्र 1930 च्या सुमारास आसाममध्ये निघालं. त्या दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटपट सुटतो. दूध त्यातल्या तुरटपणाला धरून ठेवतं, साखर उरलेलं सांभाळते. अमृततुल्यवाल्यांनी ही गोष्ट पक्की ओळखलेली आहे. पितळी पातेलं, खलबत्त्यात ठेचलेला वेलदोडा आणि आलं, आणि न कंटाळता दिलेल्या उकळ्या. राजस्थानातून आलेल्या घराण्यांनी पुण्याला हा चहा पाजला आणि पुण्याने तो स्वतःचा म्हणून जगाला ऐकवला. त्या चहाला हात लावायची माझी हिंमत नाही, इच्छाही नाही. घरी सकाळचा पहिला चहा तोच होतो. नवऱ्याचा दुसराही.

बाल्कनीतल्या चहाला मात्र उकळी नको. काळ्यावर आधणाचं पाणी ओतून झाकायचं, तीन-चार मिनिटांनी गाळायचं. हिरव्याला तर आधणही जास्त होतं; गॅस बंद करून पाणी तीन-चार मिनिटं निवू द्यायचं, मग ओतायचं. उकळतं पाणी पडलं तर तो कडूजहर होतो, आणि लोक म्हणतात ग्रीन टी असाच लागतो. नाही लागत हो. बिचाऱ्याला भाजून काढलेलं असतं.

पाण्याचाही भाग आहे. टँकरच्या पाण्याचा कोरा चहा केला की निवताना वर एक तपकिरी, चमकदार पापुद्रा धरतो, कपाच्या कडेला रेघ राहते. जड पाण्यातला चुना आणि चहातला तुरट अंश यांचं ते मेतकूट. नळाच्या पाण्यात तो नसतो किंवा नावाला असतो, आणि दोन थेंब लिंबू पिळलं की जातो. दुधाच्या चहात हे सगळं झाकून जातं, म्हणून आपल्याला कधी दिसलं नाही.

एकदा उकळीवर शंका घ्यायला लागले तशी बाकीच्या कुंड्यांकडेही तशीच बघायला लागले. आयुर्वेदात याची व्यवस्था फार पूर्वी लावून ठेवलेली आहे. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळला तो हिम. गरम पाणी ओतून, मुरवून गाळला तो फांट. आणि आटवून काढला तो काढा, सोळा पट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत. आपल्या घरांत या तिघांपैकी फक्त काढा टिकला. जे दिसेल ते पातेल्यात टाकून उकळायचं. मूळ, साल, लाकूड यांना ते हवंच असतं, त्यांच्यातून सहज काही सुटत नाही. पानाफुलांचा जीव वासात असतो आणि वास उकळीबरोबर एक्झॉस्टमधून शेजाऱ्यांकडे जातो.

गवती चहा हे याचं नेमकं उदाहरण. त्याचा लिंबासारखा वास ज्याने येतो ते सिट्रल तेल पातीत भरपूर असतं, पण ते उडून जाणारं. पात दहा मिनिटं उघड्यावर उकळली की खाली राहतं गवताचं पाणी. मी करते ते असं: पातीची गाठ मारायची म्हणजे काढताना सोपं पडतं, आधण आलं की गॅस बंद, गाठ टाकायची, वर झाकण, आणि पाच-सात मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेर जायचं. झाकण उचलल्यावर जी वाफ तोंडावर येते तिच्यासाठी हे सगळं. दूध घालायचं तर मग वेगळ्या भांड्यात दुधाचा चहा करून त्यात हे घालावं. आलं घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, आलं आधी पाण्यात नीट उकळून घ्यायचं आणि मग दूध. कच्च्या आल्यात प्रथिनं फोडणारं एक द्रव्य असतं, ते उकळीने मरतं. नाही मेलं तर दूध फाटतं आणि पाहुण्यांसमोर दूधवाल्याचा उद्धार होतो.

मंडईत पावसाळ्यात आलं आणि गवती चहा जोडीने मिळतात, आणि घेणारेही दोन्ही एकदमच मागतात. पण गवती चहा विकत घ्यायची वस्तू नव्हेच. तो मागून आणायचा असतो. माझ्या कुंडीतला ठोंब सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या परसातून आलेला आहे. वाडा गेला, तिथे आता पार्किंगवर सहा मजले आहेत. ज्या काकूंनी दिला त्या सिंहगड रोडला मुलाकडे राहतात, आणि त्यांच्याकडचा वाळला म्हणून गेल्या पावसात माझ्याकडून परत घेऊन गेल्या. त्याला लाल माती नको, काळी नको, काहीही चालतं. फक्त ऊन आणि मोठी कुंडी. जमिनीपासून चार बोटं ठेवून कात्रीने कापायचा. हाताने ओढला तर पातीची धार बोट कापते आणि ती बारीक जखम दिवसभर मीठ-मसाल्यात चुणचुणते. जितका कापाल तितके फुटवे. कापलाच नाही तर आतून वाळत जातो, मधे पाचोळा आणि कडेला चार हिरव्या काड्या. म्हणून वर्षातून एकदा, मृगाचा पाऊस पडला की, अख्खा ठोंब उपटून फोडायचा आणि वाटून टाकायचा. त्यात कॅफिन नाही, त्यामुळे रात्री साडेदहालाही चालतो, आणि शाळकरी पोरांनाही. आमच्या लहानपणी "मुलांनी चहा पिऊ नये, काळं होतं" या शास्त्राला हीच पळवाट होती.

तुळशीचं थोडक्यात. घरात दोन तुळशी आहेत. वृंदावनातली पूजेची, तिला चहासाठी हात लावायचा नाही. दुसरी कुंडीतली, ती आपली. तिन्हीसांजेनंतर मात्र दुसरीचंही पान तोडलेलं सासूबाईंना खपत नाही, तेव्हा संध्याकाळचा बेत असेल तर दुपारीच तोडून ठेवते. मंजिऱ्या दिसल्या की खुडायच्या, नाहीतर बी धरून झाड म्हातारं होतं. पान फांटासारखंच करायचं, झाकून.

गोकर्णाच्या निळ्या चहाचं सध्या फार कौतुक आहे. कोरेगाव पार्कातल्या कॅफेत तो काचेच्या किटलीत येतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो, पोरं व्हिडिओ काढतात. हे फूल आपल्याकडे श्रावणात महादेवाला वाहतात आणि निम्म्या पुण्याच्या कंपाउंडवर ते आपोआप चढलेलं असतं. रंग खरोखर सुंदर आहे. चव? घेवडा उकडलेलं पाणी. मी ती फुलं गवती चहात टाकते, रंगासाठी, पाहुण्यांची लहान मुलं असली तर. त्यापलीकडे त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

रंगच हवा असेल तर अंबाडी लावावी. रंग, चव, भाजी, सगळं एका झाडात. आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी लातूरकडच्या. त्यांनीच पुरचुंडीत बी आणून दिलं, भाजीसाठी म्हणून. जूनमध्ये टाकलं, पावसाळाभर कोवळी पानं खाल्ली, लसणाची फोडणी आणि ज्वारीच्या कण्या घालून. ऑक्टोबर आला, दिवस लहान व्हायला लागले आणि झाडाने पानांचा नाद सोडला. अंबाडी दिवसाची लांबी बघून फुलते. मार्चमध्ये लावा की जूनमध्ये, फुलायचं तेव्हाच फुलणार. फिकट पिवळं फूल, पोटात गर्द मरून, एका दिवसात मिटणारं. मी झाडं काढून टाकायच्या बेतात होते. मावशी म्हणाल्या, "ताई, उपटू नगा. बोंडं येऊ द्या की. आमच्याकडं वाळवून ठेवत्यात, उन्हाळ्यात सरबताला."

पाकळ्या गळल्या की फुलाखालच्या हिरव्या दलांना मांस धरतं, आणि तीनेक आठवड्यांत ती लालबुंद, जाड, रसरशीत होतात. मध्ये बियांचं हिरवं बोंड असतं, ते सुरीने कडेने कापून मागून ढकलायचं, लाल टोपी तेवढी हातात राहते. मावशी हे काम बोलत बोलत करतात, सुरीकडे न बघता. कुसं टोचतात, बोटं लाल होतात. त्या लाल टोप्या ऑक्टोबरअखेरच्या उन्हात सुती साडीखाली झाकून वाळवायच्या, चामड्यासारख्या राहिल्या तर आणखी एक दिवस. पावसाळ्यात वाळवलेल्या पानांना जी बुरशीची भीती असते ती इथे नसते. ऑक्टोबर हीटचं पुण्यात सगळ्यांना वाकडं असतं, मला ती या एका कारणासाठी हवी असते.

या टोप्यांना मी हिमाचा मान देते. चार-पाच टोप्या माठातल्या पाण्यात रात्री टाकायच्या, सकाळी पाणी माणकासारखं. आंबट, आणि आंबटपणाच्या मागे किंचित बोरासारखी चव. गूळ, मिऱ्याची पूड, चवीला मीठ. इजिप्त-सुदानकडे हेच करकदे म्हणून गरम आणि गार दोन्ही पितात, मेक्सिकोतही याची बादलीभर सरबतं होतात. आणि आपल्याकडे लातूरपासून नागपूरपर्यंत बायका ते वाळवून ठेवतात. पुण्यात मात्र ते आरोग्यपेयांच्या फडताळात, चकचकीत पाकिटात, परदेशी नावाने मिळतं. मावशींना एकदा पाकिटावरची किंमत दाखवली. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ह्यात किती शेर येत्यात?"

आरोग्यावरून आठवलं. 2020 च्या मार्चअखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला आणि घरोघरी पातेली चढली. सल्ला एक-दोनदाचा होता, लोकांनी तांब्याने प्यायला. त्यात ज्याला जे सुचेल ते पडत गेलं, गुळवेलही. पुढे 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, तीही आपण ओळखू शकत नाही. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज टाकलं तर रक्तदाब वाढतो. तेव्हा माझ्या बाल्कनीतलं मी औषध म्हणून पीत नाही आणि कुणाला देतही नाही. बरं लागतं म्हणून पिते. फुलवाल्याकडच्या गुलाबाच्या पाकळ्याही चहात टाकू नयेत, त्या फवारलेल्या असतात. आणि कण्हेर तर विषारीच, सगळी. हे सांगावं लागतं, कारण मला विचारलेलं आहे.

दिवाळीनंतर चहाच्या झाडांना फुलं येतात. पांढरी, खाली मान घातलेली, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. मळेवाल्यांना ती नको असतात, फुलात गेलेली ताकद पानातून वजा होते. मी निम्मी खुडते, निम्मी ठेवते, आणि याला काही शास्त्र नाही. थंडीत झाड जवळजवळ झोपतं. जानेवारीच्या शेवटाला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आल्यावर हात शिवशिवत असतात, तेव्हाच छाटणी उरकून घेते. फेब्रुवारीत नवे डोळे फुटायला लागतात आणि मग पुन्हा एप्रिल, कोळी, टँकर. या वर्षी अक्षय्य तृतीयेला आलं लावायचंय, ग्रोबॅगेत. ते निघायला पुढचा जानेवारी उजाडेल. त्याची सुंठ करायचा विचार आहे. आलं वाळलं की त्याचा तिखटपणा आणखी चढतो, आणि सुंठेला मात्र खुशाल उकळावं, हवं तेवढं.

गवती चहा जूनमध्ये फोडणार आहे. ज्यांना ठोंब हवेत त्यांनी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, संध्याकाळी पाचनंतर, स्वतःची पिशवी घेऊन यावं. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. माती मिळणार नाही.